न झालेल्या चोरीची कबुली

पोलिसातली नोकरी संपली, पण वणीतला बॅटरीचोरीचा तो गुन्हा काही डोक्यातून जात नाही. कोळशाच्या ट्रकच्या बॅटऱ्या रोज चोरीला जात होत्या. खबऱ्याने गावाबाहेरच्या भंगार शेडची टीप दिली. तिथे बॅटऱ्या फोडून शिसे वितळवत. छाप्यात मालक नव्हता. सापडला तो तिथे काम करणारा विशीतला पोरगा.

ठाण्यात त्याने सगळ्या चोऱ्या कबूल केल्या. हवालदार खूश, प्रलंबित गुन्हे एकदम निकाली निघणार होते. इतक्या सहज मिळालेली कबुली मला खपत नाही. मी मुद्दाम न घडलेल्या चोरीबद्दल विचारले. दारव्ह्याच्या बाजारातून म्हैस तूच नेलीस ना?

"हो मॅडम, म्याच नेली."

"कशी नेलीस?"

त्याने हवालदाराकडे पाहिले. "हे सांगतीन तशी."

हवालदार हसला. "कलेक्टर ऑफिस चोरलं का इचारा मॅडम, तरी हो म्हणीन."

मी त्याच्या आईला बोलावले. तीही वर्षानुवर्षे त्याच शेडमध्ये कामाला. शाळेने पोराला मठ्ठ ठरवून सोडून दिले होते.

"जन्मला तवा चांगला होता," ती म्हणाली. "रांगाले लागला, तं कुठं ठेवू त्याले? मी बॅटरीच्या प्लेटा फोडो, हा बाजूले शिशाच्या राखेत खेळे. तेच हात तोंडात घाले."

बॅटऱ्या मालकाचा ड्रायव्हर पिकअपमधून आणतो, हेही तिनेच सांगितले. ड्रायव्हर मुद्देमालासह सापडला, मालकाला अटक झाली, पोरगा सुटला.

सरकारी डॉक्टरांना मी विचारले. लहानपणी शिसे पोटात गेले की वाढत्या मेंदूचे नुकसान होते, ते भरून येत नाही, असे ते म्हणाले. पण रक्त तपासून फक्त अलीकडचे शिसे कळेल. रांगतानाचे आता सिद्ध होणार नाही.

मालकाला ते ठाऊक असावे. "पोरगं पहिलेपासूनच तसं आहे मॅडम," तो म्हणाला. "नसंन तं सिद्ध करून दाखवा."

चोरीचा माल विकत घेतल्याच्या कलमावर त्याला जामीन मिळाला. बॅटऱ्या रीतसर ट्रकमालकांना परत गेल्या. या गुन्ह्याने मला एवढेच शिकवले: जी वस्तू जप्त करून टेबलावर ठेवता येते, तिचीच चोरी कायद्याला लवकर दिसते.

पोराला दुसरीकडे कुणी कामावर घेईना. शेवटी त्याच मालकाने ठेवून घेतले, अर्ध्या मजुरीवर. आईने येऊन मला सांगितले, मालकाचे उपकार झाले.