चौकटीमागची चिठ्ठी

यामिनाच्या मुलाला, तय्यबला दुकानातून उचलून नेलं, तेव्हा त्याच्या पायात घरातल्या चपला होत्या. नेणारे गणवेशातले. वर्षंच तशी रक्ताची होती. चौकशीला गेलेला माणूसही परत येईना.

मग नवा अध्यक्ष आला. बंदुका थंडावल्या, रस्ते मोकळे झाले. यामिनाने त्याला मत दिलं, वर दुवाही दिली. पुढे त्याने कायदा काढला, की झालं गेलं विसरा, हरवलेल्यांच्या घरच्यांनी मृत्यूचा कागद घ्या. तो काही हिने घेतला नाही. तय्यबचा फोटो फडक्यात गुंडाळून पिठाच्या डब्यात ठेवला. घरच्या भिंतीवर मेलेल्यांचेच फोटो लावायची तिची रीत, आणि हिचा मुलगा तर अजून जेवायला यायचा होता. दर शुक्रवारी रव्याचा कुसकुस रांधताना ती एक मूठ जास्तच टाकी.

अध्यक्ष गावात आला की ‘माझा तय्यब कुठे आहे?’ अशी चिठ्ठी त्याच्या हातात द्यायची, एवढ्यावर ती जगत होती. निवडणुकांमागून निवडणुका गेल्या. अध्यक्ष आजारी पडला, बोलेनासा झाला, पण खुर्ची काही सुटेना. शेवटी राजधानी अल्जीयर्सहून साहेबलोक गावात आले आणि अध्यक्षाच्या जागी त्याचा फोटो मांडला. गावाने फोटोला सलाम केला, एक घोडा नजराणा म्हणून दिला. घोडा तेवढा शहाणा, त्याने तोंड फिरवलं.

फोटोची चौकट गावच्या बलकासम सुताराने केलेली. फोटो साहेबांबरोबर राजधानीला जाणार असं कळल्यावर यामिनाने सोहळ्याच्या आदल्या दिवशीच त्याच्याकडून चिठ्ठी फोटोमागे ठेवून घेतली होती. साहेबांनी घोडा नेला. फोटो नगरपालिकेच्या अडगळीत पडला, हे तिला कुणी सांगितलं नाही. ती उत्तराची वाट बघत राहिली.

पुढे एका वसंतात शुक्रवारमागून शुक्रवार लोक रस्त्यावर उतरले आणि अध्यक्ष गेला. गाव नाचलं. यामिना दारात बसून राहिली. आता उत्तर कोण देणार?

नगरपालिकेने जुन्या चौकटी बलकासमकडे धाडल्या. त्याने एक उघडली, आणि दोन दिवस त्याला जेवण गेलं नाही. तिसऱ्या दिवशी तो चिठ्ठी घेऊन तिच्याकडे आला.

"कुणी वाचलीच नाही का रे?"

"नाही, मावशी. मागचे खिळे मी मारले तसेच होते."

तिने चिठ्ठीची घडी तशीच बटव्यात ठेवली. मग उठून पिठाचा डबा उघडला.

"ती चौकट रिकामी आहे ना?"

"आहे."

"मग याला बसव तिच्यात. काच पुसून घे आधी."

त्या शुक्रवारी कुसकुस मोजकाच झाला.