मंगळवारी सांगितलेलं

धाराशिवच्या दवाखान्यात दर मंगळवारी आम्हा शुगरवाल्या बायकांची बैठक असायची. समुपदेशक बाईंनी पहिल्याच दिवशी नियम घातला होता: नाव सांगायचं नाही, गाव सांगायचं नाही, इथलं इथंच ठेवायचं. आम्ही आठ जणींनी माना डोलावल्या आणि दोन मंगळवार नुसत्या पायाच्या मुंग्यांवर काढले.

तिसऱ्या मंगळवारी मीच तोंड उघडलं. आग होते, खाज सुटते, कोरडं पडतं, मालक जवळ आले की मी अंग चोरते. रोज नवं निमित्त काढायची. शेवटी त्यांनी अंथरूण बाहेरच्या खोलीत नेलं, त्याला दोन वर्षं झाली. मला वाटायचं, मीच आटले. बाई म्हणाल्या, हे शुगरमुळं होतं, यावर मलम आहे, पण आधी घरी मोकळं बोला. इतकं साधं होतं तर! मला सगळ्यांदेखत रडू आलं आणि लाजही वाटली नाही. रविवारी मालक निवांत असतात, तेव्हा सांगायचं, असं मी ठरवून टाकलं.

मग डबे सोडले. तपासणीला रक्त द्यायचं म्हणून सगळ्या सकाळपासून उपाशी होत्या. शेजारच्या म्हातारीनं माझ्या भाकरीवर शेंगदाण्याची चटणी वाढली आणि विचारलं, "माहेर कुठलं गं तुझं?"

"ईट," मी म्हणाले. गाव सांगायचं नाही म्हणजे सासरचं, असं माझ्या डोक्यानं धरलं असावं. माहेराला कोण लपवतं? पुढं कुणाची लेक, कुठं दिली, सगळं ओघानं आलं. सासर तामलवाडी म्हटल्यावर तिनं बोटांवर चार घरं मोजली आणि ती माझ्या नणंदेची चुलत सासू निघाली. सोयरीक लागली म्हणून मला आनंदच झाला. मी तिच्या पाया पडले, मूर्खासारखी.

शनिवारी नणंदेचा फोन आला, तोही मालकांनाच; म्हातारीनं बैठकीतलं माझं सगळं तिच्या कानावर घातलं होतं. त्यांनी ऐकून घेतलं आणि फोन खाली ठेवला.

"मला वाटलं, तुला मीच नको झालो," ते म्हणाले. "दोन वरीस त्येच डोक्यात घिऊन फिरलो. सांगायचं हुतं, तर मला का न्हाय सांगितलं?"

उद्या सांगणारच होते, असं मी म्हणाले. त्यांना ते खरं वाटलं नाही. त्यांच्या जागी मी असते, तर मलाही वाटलं नसतं.

त्या दिवसापासून ते शेतातल्या शेडमध्ये निजतात. बैठकीला का येत नाही म्हणून बाईंचा दोनदा फोन आला. एसटी मिळत नाही, असं मी सांगितलं. दवाखान्यातून दिलेली मलमाची ट्यूब लुगड्यांच्या घडीत आहे, अजून फोडलेली नाही. माझ्या शुगरच्या गोळ्या मात्र ते संपायच्या आत आणतात. पाकीट भिंतीतल्या देवळीत ठेवतात आणि मी उठून पुढं यायच्या आत दाराबाहेर पडतात.