तारप्याभोवतीचे हात

कोरोनाच्या दुसऱ्या वर्षी आमच्या शाळेनं माझा सत्कार करायचं ठरवलं आणि त्या सत्कारापायी माझी नोकरी जायची वेळ आली.

शाळा नेदरलँड्समध्ये, आइंडहोवनजवळच्या गावातली, कॅथलिक. दारातच मेरीची मूर्ती आणि तिच्या पायाशी सॅनिटायझरची बाटली. मी तिथे वर्गात मदतनीस होते, तात्पुरत्या करारावर. शाळा बंद होती तेव्हाही नर्स, ट्रकचालक यांच्या मुलांना सांभाळायला मी रोज सायकल मारत गेले, म्हणून वर्षअखेरच्या कार्यक्रमात माझं कौतुक होणार होतं. मुख्याध्यापक म्हणाले, "मेरीशेजारची भिंत तुझी. तुमच्याकडचं काहीतरी काढ." त्यांच्या डोळ्यांसमोर बहुधा हत्ती आणि कमळं असावीत.

मी तारपा काढला. भिंतीला गेरूचा रंग दिला, तांदूळ भिजवून वाटले, बांबूच्या काडीचं टोक चावून कुंचला केला. मधोमध तारपा, म्हणजे भोपळ्याचं लांब फुंकवाद्य, वाजवणारा आणि त्याच्याभोवती एकमेकांच्या कमरेत हात गुंफून नाचणारी माणसं. आमच्या पाड्यावर भात घरात आला की असंच नाचतात. तारप्याकडे पाठ करायची नाही आणि हात सोडायचा नाही.

'आमच्या पाड्यावर' हे मी मनातच म्हणत होते. आश्रमशाळेतून शहरातल्या कॉलेजात गेले तेव्हा होस्टेलच्या मुलींनी माझ्या बोलण्याच्या इतक्या नकला केल्या, की पुढे कुणी विचारलं तर "डहाणूकडची" एवढंच सांगून मी विषय बदलायची. इथल्या मराठी मंडळींच्या दिवाळीत निम्म्या कुडत्यांवर माझे नातेवाईक नाचत असायचे. एका बाईंनी तर वारली चित्रं कशी काढायची ते मला शिकवलंही, आणि मी मुकाट्यानं शिकून घेतलं! माझी लेक त्याच शाळेत, आठ वर्षांची. तिलाही 'आपण इंडियन' यापलीकडे आम्ही काही सांगितलं नव्हतं. मला लाज वाटायची, आणि लाज वाटते म्हणून स्वतःचाच राग यायचा.

चित्र पुरं झालं तसे मुख्याध्यापक आले. बराच वेळ बघत राहिले. मग खाकरून म्हणाले, "सुंदर आहे. पण माणसं फार जवळजवळ आहेत. याच दारात आम्ही पालकांना दीड मीटर अंतरासाठी दटावतो. दोघांच्या तक्रारीही आल्यात. मध्ये जरा जागा सोडता येईल का?"

आज हे सांगताना हसू येतं, तेव्हा आलं नव्हतं. घरी नवरा म्हणाला, "अगं, जुलैत करार संपतोय तुझा. रेघा जरा लांब काढल्या तर काय बिघडतं?" तो काही परका नव्हे, जव्हारकडचा, आमच्याच समाजातला. पण माझ्यासारखाच मान खाली घालून इथवर आलेला.

दुसऱ्या दिवशी मुख्याध्यापकांनीच पळवाट शोधून आणली. माणूस भला. लहान मुलांना आपसात अंतराचा नियम नव्हता. "ही लहान मुलं आहेत असं खाली लिहू," ते खुशीत म्हणाले. सापही मरणार होता आणि काठीही तुटणार नव्हती. मी नुसती मान हलवायची होती, आणि त्या कामात माझा हात कोण धरणार!

"नाही," मी म्हणाले. "ही मोठी माणसं आहेत. ही माझी आई, हा मामा. हात सुटले तर हा नाच उरत नाही. नको असेल तर भिंत पुसून टाका. आणि हे नुसतं इंडियन चित्र नाही. आम्ही आदिवासी. मी वारली समाजाची आहे."

वीस वर्षांत पहिल्यांदा ते तोंडातून बाहेर पडलं, तेही डचमध्ये.

"हे मला माहीत नव्हतं," ते म्हणाले.

"मी कुणालाच सांगितलं नव्हतं."

त्यांनी पुन्हा एकदा भिंतीकडे पाहिलं. "कार्यक्रमात सांगशील? तक्रारींचं मी बघतो."

आधी लेकीला सांगणं भाग होतं. आदल्या दिवशी जेवताना सगळं सांगितलं. ती भात चिवडत राहिली.

कार्यक्रम मैदानावर झाला. शिक्षक खडूच्या गोलांत उभे, पालक कुंपणापलीकडे, मुलं मात्र घोळक्यानं. मुख्याध्यापकांनी एक पाकीट स्टुलावर ठेवलं, दीड मीटर मागे सरकले, आणि मग मी ते उचललं. आत कायमच्या नोकरीचं पत्र होतं! मी माइक घेतला. चित्रातली माणसं कोण, ती कुठे राहतात, मी त्यांची कोण, सगळं सांगितलं. डच व्याकरणाचं पार भजं झालं, पण मी थांबले नाही.

लेकीच्या वर्गातली एक मुलगी वळून तिला म्हणाली, "तू पण?"

माझा जीव टांगणीला लागला. लेक बाकावर चढली आणि कुंपणापलीकडच्या पालकांनाही ऐकू जाईल अशा आवाजात ओरडली, "हो, मी पण! आणि ती भिंतीवर आहे ना, ती माझी आजी आहे!"

कुंपणापाशी सगळ्यांत आधी टाळ्या वाजवायला लागला तो माझा नवरा.