तीन पडदे आणि टोपातलं घड्याळ

बाळांनो,

तुम्ही पाठवलेला दिवा पोचला. सोबतचा कागद दोनदा वाचला आणि आज सकाळी तो लावून पाहिला. ठरवलेल्या वेळेआधी अर्धा तास तो तांबूस होतो, मग पिवळा, मग पांढरा, आणि माणूस आवाजाशिवाय जागा होतो. त्यात पक्ष्यांच्या किलबिलाटाचीही सोय आहे. ती मी बंद केली आहे.

खोक्यात तुमची चिठ्ठी होती. पणजोबा घड्याळ टोपात ठेवून सगळ्यांना उठवायचे, ती गंमत लिहून पाठव म्हणून. ही गंमत तुम्हाला कोणी सांगितली ते मला ठाऊक आहे. तुमचा मामा ती प्रत्येक लग्नकार्यात सांगतो, ताटावर चमचा वाजवून. तो तेव्हा चार वर्षांचा होता. त्याला काहीही आठवत नाही.

ती गंमत नव्हती. तुमच्या आईच्या पुढच्या दाताचा कोपरा उडालेला आहे, तो झोपाळ्यावरून पडून उडालेला नाही. परवा फोनवर तिला विचारलं, लिहू का? ती म्हणाली, "लिही गं आई. आता कोणापासून लपवायचंय?" म्हणून लिहिते आहे. तिच्या परवानगीने, आणि माझा राग अजून शाबूत आहे तोवर.

आम्ही मुलुंड पूर्वेला राहायचो, तिसऱ्या मजल्यावर. एक बेडरूम, एक हॉल, एक स्वयंपाकघर. बेडरूमची खिडकी थेट पूर्वेला. समोर तेव्हा एकही इमारत नव्हती. मोकळं मैदान, पलीकडे मिठागरं आणि त्यांच्यामागे खाडीची पांढुरकी रेघ. घरात तुमचे आजोबा, मी, दोन मुलं आणि माझे सासरे, म्हणजे तुमचे पणजोबा. आजोबा जवळच्याच कारखान्यात केमिस्ट होते, मी दुपारच्या शाळेत इंग्रजी शिकवायचे. सासरे मालवणकडचे. तरुणपणी मुंबईत आले आणि गिरणीत लागले. गावातल्या पंधरा-वीस पुरुषांनी मिळून एक खोली घेतलेली असायची, तिला गाळा म्हणत. त्या गाळ्यात घड्याळ फक्त सासऱ्यांकडे होतं, चावीचं, वर दोन वाट्या आणि मध्ये हातोडी असलेलं. दमलेली माणसं साध्या गजराने उठत नाहीत, म्हणून सासरे ते रिकाम्या ॲल्युमिनियमच्या टोपात ठेवायचे. टोप दणाणायचा आणि सगळा गाळा उठून बसायचा. त्यांच्यामुळे गाळ्यातल्या एकाही माणसाला कधी उशीर झाला नाही. हा त्यांचा आयुष्यभराचा अभिमान होता, आणि तो खराच होता.

पण गिरणी बंद पडली. घड्याळ आणि टोप आमच्या घरी आले. आता रोज पहाटे पाच वाजता तो टोप आमच्या हॉलमध्ये दणाणायचा. कामावर जाणारं त्या वेळेला कोणीही नव्हतं. तुमचे आजोबा साडेसातला निघायचे.

तुमची आई बारा वर्षांची असताना सुरुवात झाली. ती टोपाच्या आवाजाने दचकून उठली की तिच्या हातांना झटके यायचे. दुधाचा पेला हातातून उडायचा, कंगवा उडायचा. सासरे म्हणायचे, "धांदरट चेडू!" चेडू म्हणजे मुलगी. मलाही आधी तसंच वाटलं होतं, हे इथे लिहून ठेवते. मग मे महिन्यात सासरे गावी गेले असताना ती एकदा न्हाणीघराच्या दारात कोसळली. डोळे फिरले, दात आवळले गेले, अंग ताठ झालं. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं: ही फिट आहे. गोळी एक दिवसही चुकवायची नाही, झोप पुरी होऊ द्यायची, आणि ह्या मुलीला दचकवून, झोपमोड करून उठवायचं नाही.

दवाखान्याच्या जिन्यातच तुमचे आजोबा थांबले आणि हळू आवाजात म्हणाले, "हे घरात कुणाला सांगायचं नाही. बाबांना तर नाहीच. बाबांच्या तोंडून गावभर होईल. उद्या तिच्या लग्नाचं बघायचंय."

बारा वर्षांची मुलगी, आणि हा माणूस तिच्या लग्नाचं बघत होता. मी इंग्रजी शिकलेली, एम.ए. झालेली बाई. मी काय म्हणाले? मी म्हणाले, "बरं." तेव्हा सगळेच असं लपवत. आमच्या मजल्यावर आणखी किती घरांत असं काही लपलेलं होतं, देव जाणे. गोळ्यांची बाटली आम्ही चहापत्तीच्या डब्यामागे ठेवली आणि सासऱ्यांना सांगितलं, अशक्तपणा आहे, टॉनिक चालू आहे.

ते गावाहून परत आले तेव्हा मी सांगितलं, पहाटे घड्याळ लावू नका, तिला झोप हवी. त्यांनी कारण विचारलं, "कित्याक?" मी म्हणाले, "अशक्तपणा आहे." ते हसले. "अशक्तपणा जाता तो पहाटे उठान." निदान एवढं कबूल केलं की टोप स्वयंपाकघरात ठेवतील आणि दार लोटतील. मी बेडरूमचं दार लावून फटीत गोधडी कोंबायला लागले.

तिला कसं उठवायचं ते मी माझं शोधून काढलं. खिडकीला तीन पडदे लावले. आतून जाड निळी चादर, मध्ये माझी जुनी सुती साडी दुहेरी करून, आणि काचेलगत पांढरा पातळ मलमलचा. बाहेर मिठागरांवर राखाडी उजेड आला की चादर काढायची. पाव तासाने साडी. मग मलमल उरायचा आणि त्यातून सूर्य आत यायचा, आधी भिंतीवर, मग उशीवर. हाक मारायची नाही, बांगड्या वाजू द्यायच्या नाहीत. तिच्या पापण्या हलायच्या, ती कूस बदलायची, आणि मग डोळे उघडून माझ्याकडे बघायची. हात स्थिर. पेला स्थिर. पहिल्या दिवशी तिने दूध एकही थेंब न सांडता प्यायलं तेव्हा मी स्वयंपाकघरात जाऊन रडले आणि तोंड धुऊन कामाला लागले.

सासऱ्यांना हे असह्य झालं.

"माणसाक उठवूक पडदे सारतत काय कोण?" ते तुमच्या आजोबांना विचारायचे, मला ऐकू जाईल असं. "राणीसायेब झाली काय ही? मडमचो कारभार सगळो!" मला ते मडम म्हणायचे. तुमच्या आईला सूर्यवंशी. "उठली काय गो सूर्यवंशी? ऊन पायाक लागला की नाय अजून?"

तुमचे आजोबा वर्तमानपत्र वर धरायचे. "तुम्ही दोघं बघा काय ते." ह्या एका वाक्यावर त्या माणसाने तीन वर्षं काढली.

दहावीत तुमच्या आईची शाळा सकाळची झाली. थंडीत सहाला काळोख. मग मी कंदील काढला. वात अगदी खाली ठेवून तिच्या उशाजवळच्या स्टुलावर ठेवायचा आणि दर पाच मिनिटांनी चावी किंचित फिरवून वात वर करायची. घासलेटचा वास यायचा, पण चालायचं. झटके आले नाहीत. चौथ्या दिवशी सासरे दारात उभे राहिले. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता.

"उशाक दिवो मेलेल्या माणसाच्या ठेवतत," ते म्हणाले. "काढ तो. माझ्या डोळ्यांदेखत नातीच्या उशाक दिवो ठेवतंस?"

ते खरोखर घाबरले होते. ते मला दिसलं होतं. पण मी इतकी भरलेली होते की म्हणाले, "तुमचं घड्याळ ऐकून उठण्यापेक्षा हे बरं." आणि स्टूल पायथ्याशी सरकवलं. तेवढीच माझी माघार.

मार्च आला. बोर्डाची परीक्षा. पेपर अकराचे, म्हणजे कंदिलाची गरज नाही, सूर्य पुरेसा होता. आठ महिन्यांत तिला एकदाही फिट आली नव्हती. भाषांचे पेपर चांगले गेले. गणिताच्या आदल्या दिवशी संध्याकाळी शेजारच्या बाई तिला शुभेच्छा द्यायला आल्या. सासरे खुर्चीत बसून त्यांना सांगू लागले, "चाळीस वर्षां फर्स्ट शिफ्टीक गेलंय, एक दिवस लेट मार्क नाय. आणि माझी नात परीक्षेच्या दिवसांत सात वाजेस्तोवर लोळता! पहाटेचो अभ्यास डोक्यात रवता, ह्या कोणाक सांगूचा?"

शेजारच्या बाई माझ्याकडे बघून हसल्या. "काय हो, इंग्लिश टीचरच्या घरी असं?"

मी हातातला पोह्यांचा डबा खाली ठेवला. "बाबा, गिरणीला टाळं लागून तीन वर्षं झाली," मी म्हणाले. "तिथला भोंगा बंद आहे. मग हा आमच्या घरात रोज कोणासाठी वाजतो?"

शेजारच्या बाई लगबगीने चपला घालून गेल्या. सासरे उठले आणि न जेवता आडवे झाले. मला वाटलं, जिंकले.

दुसऱ्या दिवशी पहाटे चारला टोप दणाणला. स्वयंपाकघरात नाही, तिच्या पलंगाखाली. गोधडी दारातून बाजूला करून, मला जाग येऊ न देता, त्यांनी तो आत ठेवला होता. ती किंचाळत उठून बसली, तिचे दोन्ही हात हवेत उडाले, आणि ती तशीच पुढे पडली, पलंगाशेजारच्या लोखंडी ट्रंकेच्या कडेवर. मी दिवा लावला. अंग ताठ, मग झटके, तोंडातून फेस आणि रक्त. मी तिला कुशीवर वळवलं. टोप वाजतच होता. तुमच्या आजोबांनी तो लाथेने उडवला.

सासरे दारात उभे. त्यांनी हे कधी पाहिलं नव्हतं. "काय झाला गो? चेडवाक काय झाला?"

"फिट," मी म्हणाले. तो शब्द त्या घरात पहिल्यांदा मोठ्याने उच्चारला गेला. "तीन वर्षं आहे. तुमच्या घड्याळाने आली. रोज सांगत होते ना, दचकवू नका म्हणून?"

"माका कोणी सांगल्यान?" त्यांचा आवाज फुटला. "अशक्तपणा म्हणालात तुम्ही! ह्या घरात माका कोणी सांगल्यान?"

कोणीच सांगितलं नव्हतं. त्यांचा प्रश्न बरोबर होता. मी तुमच्या आजोबांकडे पाहिलं, त्यांनी जमिनीकडे.

फिट गेल्यावर तुमची आई गाढ झोपली. दहा वाजता तिला उठवून बसवलं तर वर्गखोली कुठली आणि पेपर कसला, तिला कळेना. ओठ सुजलेला, दाताचा कोपरा गेलेला. गणिताचा पेपर तिने दिला नाही. ऑक्टोबरमध्ये दिला. मैत्रिणी कॉलेजात गेल्या आणि ती ते वर्ष घरात बसली. मैत्रिणींच्या आयांना आम्ही सांगितलं, कावीळ झाली होती. म्हणजे एवढं होऊनही लपवणं थांबलं नाही. ह्याबद्दल मला सासऱ्यांपेक्षा माझा जास्त राग येतो, आणि तुमच्या आजोबांचा त्याहून जास्त.

त्या दिवशी दुपारी मी पक्कड घेऊन घड्याळाची हातोडी मुळापासून मोडून काढली आणि घड्याळ सासऱ्यांसमोर ठेवलं.

दोन दिवसांनी पहाटे मी उठले तर ते खिडकीपाशी उभे होते, निळ्या चादरीच्या कडेला हात लावून. बाहेर राखाडी उजेड यायला लागला होता. "मी सारतंय," ते कुजबुजले.

"हात लावू नका," मी म्हणाले.

त्यांनी हात काढला. त्यानंतर ते गेले तोवर, म्हणजे आणखी सहा वर्षं, ते पूर्वीसारखेच पाचला उठायचे. अंगवळणी पडलेलं होतं, त्यांना घड्याळ लागत नव्हतं. स्वयंपाकघरात काळोखात पाटावर बसून राहायचे. दिवा लावायचे नाहीत, चहा मांडायचे नाहीत, खोकला आला तर तोंडात पंचा धरायचे. मी आत दुसरा पडदा सारल्याचा आवाज आला की मग पातेलं गॅसवर चढायचं. मी हे रोज पाहिलं आणि त्यांना एकदाही काही म्हणाले नाही. म्हणायला हवं होतं असं लोक सांगतील. मला तेव्हा वाटलं नाही, आजही फारसं वाटत नाही.

तुमची आई शिकली, नोकरीला लागली. लग्नासाठी भेटायला आलेल्या मुलाला तिने पहिल्याच भेटीत स्वतःच सगळं सांगितलं. तुमचे बाबा म्हणाले, "मग सकाळी उठवायचं कसं, ते सांग." एवढंच. मला ते जावई म्हणून त्या क्षणी पसंत पडले.

मामा पुढच्या लग्नात ताट वाजवायला लागला तर हे पत्र त्याच्या हातात द्या.

समोर आता चौदा मजली इमारत आहे. खिडकीत दहापर्यंत ऊन येत नाही, म्हणून तुमचा दिवा मी वापरणार आहे. निळी चादर केव्हाच विरली, साडीची पायपुसणी झाली. मलमलचा पडदा आहे. घड्याळही आहे, कपाटात वरच्या कप्प्यात. चावी दिली की वेळ बरोबर दाखवतं. वाजत नाही.