डोहात हवा सोडणारे चाचा

ज्यांचं नावही मी विचारलं नाही त्यांच्यावर लिहितोय, माफ करा. घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच, लिहायची सवय नाही.

मे महिन्यात माजलगाव धरणाखाली सिंदफणा नदीचा डोह आटत आला होता. हल्ली फारसे कुठे न दिसणारे खडस मासे त्यात तोंड वर काढून धापा टाकत होते. पंक्चरवाले एक चाचा मोटारसायकलवर ट्रकची फुगवलेली ट्यूब आणत, पाण्यात दाबून तिची हवा सोडत आणि बुडबुडे संपेपर्यंत हलत नसत.

"चाचा, माशांचं पंक्चर काढताय काय?" मी विचारलं.

"हस बे! धरणातून नदीला पानी सुटंस्तवर तगले पायजेत."

"पन ते पानी कॅनॉलनं आमच्या उसाला येणार हाय. ऊस बी वाळायलाय."

ट्यूब दाबतच ते म्हणाले, "तुजा बाप सायबाकडं जाऊन भांडंल. ह्या माशांकडून कोन जाईल?"

मी बीडला होस्टेलवर परतलो. पाणी कुणासाठी मागावं, हेच ठरेना. फोन वाजला की आधी घरचा नंबर आहे का ते बघायचो.

शेवटी वडिलांचा फोन आला. "नदीला पानी सोडलं. डोह भरला म्हनं. आपली कॅनॉलची पाळी लांबली, ऊस गेला."