आईच्या नावावरची मूळव्याध

आमच्या मळमड्डी भागाच्या आरोग्याच्या इतिहासात नोंद राहावी म्हणून पुढील हकीकत मी पूर्ण शुद्धीत, कोणाच्याही दडपणाशिवाय लिहून ठेवतो आहे. उभ्याने लिहितो आहे. कारण पुढे येईलच.

रोज सकाळी सहाला मी वीस-बावीस जणांचा योगवर्ग घेतो. 'गोळी म्हणजे गुलामी!' हे माझं घोषवाक्य. पोट साफ असेल तर रोग फाटकातूनच परत जातो, हे मी इतक्या ठासून सांगत आलोय की माझ्या वर्गातल्या निम्म्या लोकांनी घरातली औषधांची डबी लिंबू ठेवायला घेतली. आणि मलाच मूळव्याध झाली! (देवाला विनोदबुद्धी नाही असं म्हणणाऱ्यांनी मला येऊन भेटावं.)

बसणं अशक्य झालं. मग मी वर्गात 'ऊर्ध्वध्यान' नावाचा नवा प्रकार सुरू केला. सगळ्यांनी उभं राहून डोळे मिटायचे. दोन महिने वर्ग उभा होता! निवृत्त कारकून जोशी अण्णांचे गुडघे सुपारी फोडल्यासारखे वाजायचे, पण गुरूवर श्रद्धा अशी की हूं नाही की चूं नाही. ऊर्ध्वध्यानाची कीर्ती थेट हुबळीला पोचली. तिथल्या महिला मंडळाला 'औषधाविना आरोग्य' यावर माझं व्याख्यान हवं होतं.

इकडे मी बायकोला हुबळीच्या कोप्पीकर रोडवर मिक्सरचं भांडं आणायला जातो असं सांगून तिथल्या डॉक्टरांकडून चिठ्ठी आणली होती. पण औषध घ्यायचं कुठून? आमच्या कोपऱ्यावरचा औषधवाला माझाच शिष्य. शिवाय त्याचा आवाज म्हणजे देवळातली घंटा. "यारिगऱ्री सर?" म्हणजे कुणासाठी, हे तो असं विचारतो की समोरच्या बसथांब्यावरचे लोकसुद्धा उत्तर ऐकायला थांबतात.

म्हणून ऑनलाइन! आईच्या रक्तदाबाच्या गोळ्यांसाठी माझ्या मोबाइलवर तिच्या नंबरचं खातं होतंच. त्यातच टाकलं. पेशंट कोण, तर आई. चिठ्ठीवरचं माझं नाव दुमडून मागे नेलं, कागद डाव्या हातात धरला आणि फोटो काढला. जगाच्या पाठीवर माझं नाव कुठेही नाही! स्वतःच्या हुशारीवर खूश होऊन मी तेव्हा बसणारच होतो. थोडक्यात वाचलो.

त्याच संध्याकाळी हुबळीच्या पाटील अक्का आमंत्रणाचा नारळ घेऊन आल्या. सोबत जोशी अण्णांसह वर्गातले सहाजण. सगळे बसले होते. मी चहाचा कप घेऊन खिडकीपाशी उभा राहून संयमावर बोलत होतो.

तेवढ्यात आईचा फोन वाजला. आईला कमी ऐकू येतं, म्हणून तिचा फोन कायम स्पीकरवर.

"अज्जी, औषधांच्या ॲपवरून बोलतेय," एक गोड मुलगी. "खाजगी विचारायचं होतं. तुम्ही एकट्या आहात ना?"

आईने नऊही माणसांवरून नजर फिरवली. "बोल की गं. परकं कोणी नाही, सगळी घरचीच."

"आई, तो फोन दे इकडे!" मी.

"गप रे, मुलगी चांगली बोलायलीय."

"अज्जी, तुम्ही मूळव्याधीचं औषध मागवलंय. किती दिवस त्रास आहे?"

आई उठून उभी राहिली. अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, हात न टेकता!

"मला? अगं, माझ्या माहेरी सात पिढ्यांत कुणाला नाही!"

"पण तुमच्या नावावर नोंद झालीय, अज्जी."

"मग काढ ती नोंद! मी गेल्यावर लोक काय म्हणतील?"

"खरा पेशंट कळल्याशिवाय बदलता येत नाही. चिठ्ठीवरचं नाव दुमडलंय."

"चुकीचा नंबर असेल!" मी ओरडलो. बायकोने तोंडाला पदर लावला. खांदे गदगदा हलत होते. तिला बहुतेक मिक्सरचं भांडं आठवलं. (ते अजून आलेलं नाही.)

"बाळ, नीट बघ," आईचा आवाज आता कोर्टातला. "आणखी काही दिसतंय का त्या फोटोत?"

"कागद धरलेला हात दिसतो, अज्जी. डावा. बोटात पोवळ्याची अंगठी आहे."

ती अंगठी आईनेच मला करून दिली होती. राग आवरावा म्हणून. खोलीतली सगळी डोकी माझ्या डाव्या हाताकडे वळली. तो हात मी चपळाईने पाठीमागे नेला. चहाचा कप त्याच हातात होता, हे नंतर कळलं, जेव्हा तो चहा पाठीवरून खाली, नेमका नको तिथे पोचला! योगवर्गाच्या इतिहासात इतकी उंच उडी कुणी मारली नसेल.

"हा घे तुझा पेशंट," आईने फोनमध्ये जाहीर केलं. "आणि माझं नाव खोड."

पाटील अक्कांनी नारळ हळूच पिशवीत परत ठेवला. मागोमाग गुडघ्यांचा कटकट आवाज आला. जोशी अण्णा उठत होते. हात जोडून, कळवळून ते म्हणाले,

"अहो सर, दुखत तुम्हाला होतं, मग दोन महिने आम्हाला कशाला उभं केलंत हो?"