गेमवाल्याच्या व्हिडिओतले बाबा

गल्लीत त्याला सगळे ‘गेमवाला’ म्हणत. तोंडाचा पट्टा चालू ठेवून गेम खेळायचा, त्याचा व्हिडिओ साइटवर टाकायचा आणि जाहिरातींवर पोट भरायचं, हा त्याचा धंदा. खेळातल्या गाडीचा रेडिओ तो आधी बंद करायचा. गाणं वाजलं की त्या गाण्याची कंपनी हक्क सांगायला टपलेलीच. एकदाच विसरला. नेमकं त्याच व्हिडिओत, मागे बसलेले बाबा पोट धरून हसत ओरडले होते, “गाढवा, ब्रेक दाब!”

बाबा गेले, आणि मग त्या मेल्या कंपनीला आपलं गाणं सापडलं. साइटने व्हिडिओचा सगळा आवाजच पुसून टाकला. मूळ फाइल त्याने जागा हवी म्हणून केव्हाच उडवली होती.

आई रोज तोच व्हिडिओ लावायला सांगते. काल बाबांचे ओठ हलताना बघून म्हणाली, “माझे कान पार गेले रे.”

“हो, आई,” तो म्हणाला.